उभे राहण्याची परवानगी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुन्या मोटारी तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील, पण माझ्यासारखी आतून पाहिली नसेल. तुमच्या घरच्या गाडीला ब्रेक एकच असतो, चालवणाऱ्याच्या पायाखाली. मला दोन आहेत. दुसरा शेजारच्या सीटपुढे आहे, आणि त्या सीटवर बसतात ते शिकवणारे. मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. म्हणजे होते. सवयीने तोंडातून 'आहे' निघून जाते, सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. रंग पांढरा, काचा लख्ख, सीटवर अजून प्लास्टिक. माझ्या सोबतिणी कुणाकुणाच्या घरी गेल्या. मला मात्र मास्तरांनी थेट एका मिस्त्रीकडे नेले. त्याने सीटखाली डोके खुपसले, बराच वेळ ठोकाठोक केली, एक सळई या बाजूची त्या बाजूला नेली आणि दुसरा ब्रेक बसवून टाकला. टपावर शिकाऊंसाठीची लाल 'एल' अक्षराची पाटी चढवली. खरे सांगते, मला फार अपमान वाटला. अजून नीट रस्ता पाहिला नाही आणि आधीच आपल्यावर भरवसा नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला. तेवढ्यात मास्तर शेजारच्या सीटवर बसले, तो नवा ब्रेक दोनदा दाबून पाहिला आणि मिस्त्रीला म्हणाले, "झकास. आता कितीही घाबरट माणूस येऊ दे." तेव्हा कुठे मला कळले की हा ब्रेक माझ्यासाठी नव्हता, माणसांसाठी होता.

मास्तर हे त्यांचे नाव नव्हे, पण सगळे त्यांना तेच म्हणत. पूर्वी ते बस चालवायचे. स्कूल म्हणजे एक लहानसा गाळा होता. आत एक टेबल, एक बाक, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि कायम एका बाजूला कललेला पंखा. गाळ्याच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये मुरुमाचा एक पट्टा होता, कडेने आपोआप उगवलेले गवत. तो पट्टा सरकारी होता. मी तिथेच उभी राहायचे. माझ्याशेजारी एक स्कूटर असायची, तीही शिकवायचीच. आम्ही तिला धाकटी म्हणायचो.

माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात. मी पायांवरून ओळखते. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा पाय उसना जोर दाखवतो, खरा पाय पुढे हळूहळू कळतो. एक शिंपीकाका शिकायला यायचे. उभा जन्म शिलाईचे मशीन चालवल्यामुळे त्यांचे दोन्ही पाय एकदमच खालीवर व्हायचे. क्लच आणि ब्रेक एकाच वेळी दाबायचे, एकाच वेळी सोडायचे. मी दोन उड्या मारून बंद पडायचे. मास्तर न चिडता म्हणायचे, "काका, शर्ट शिवून झाला. आता गाडी चालवू या." एक नर्सबाई होत्या. त्या कामावरून परस्पर यायच्या आणि शिकवणी सुरू होईपर्यंत स्टिअरिंगवर डोके टेकून झोपी जायच्या. मास्तर त्यांना जरा वेळ झोपू देत आणि मग तक्त्याची काठी काचेवर वाजवत. एक आजी होत्या, त्यांच्या हातून गिअर कुरकुरला की त्या मला "सॉरी गं बाई" म्हणायच्या. आजपर्यंत माझी माफी मागणारे तेवढे एकच माणूस.

शिकवणी त्या पट्ट्यावरच सुरू व्हायची. पहिल्या दिवशी मास्तर इंजिन चालूच करू देत नसत. "आधी उभ्या गाडीत बसायला शिका," म्हणायचे. आरसा बघा, हात कुठे, पाय कुठे, श्वास घ्या. वाळू भरलेले पत्र्याचे डबे त्यांनी पट्ट्यावर मांडून ठेवले होते. त्या डब्यांच्या मधून मागे येऊन मला नीट उभी करता आली की माणूस शिकला असे ते समजत. पुढे तर कुणीही पळवतो, मास्तर म्हणायचे, गाडी उभी करता येणारा माणूस विरळा. त्या डब्यांना मी इतक्या जणांच्या पायी धडकले आहे की माझ्या मागच्या बंपरचा आकार विचारू नका.

तो काळ माझ्या कौतुकाचा होता. परीक्षा पास झालेली माणसे परत येऊन माझ्या बॉनेटवर थाप मारायची. कुणी नवी गाडी घेतली की आधी ती माझ्याशेजारी आणून उभी करायचे आणि मास्तरांना दाखवायचे. ती नवी गाडी माझ्याकडे नाक वर करून बघायची. बघू दे. तिच्या मालकाचा पहिला हिसका मी खाल्ला होता.

मास्तरांना एक मुलगा होता, तो मात्र भलताच तापट. मास्तरांनी त्याला शिकवायला बसवले, तर पहिल्याच आठवड्यात दोन शिकाऊंना रडवून त्याने घरी पाठवले. शेवटी तो लांबच्या मार्गावर ट्रक चालवायला गेला. तिथे ओरडायला समोर कुणी नसते. पण त्याची बायको, म्हणजे मास्तरांची सूनबाई, अगदी वेगळी निघाली. ती माझ्यावरच शिकली. तिचा पाय हलका होता आणि डोके थंड. मास्तरांचे गुडघे गेले तेव्हा शेजारच्या सीटवर ती बसायला लागली, आणि मास्तर मागच्या सीटवर. मागे बसून ते गप्प बसतील तर शपथ. "क्लच हळू... अहो, आरसा... समोर सायकल आहे सायकल!" मग सूनबाई वळून म्हणायची, "मामंजी, मागच्या सीटला ब्रेक नाहीये." शिकाऊ हसायचा, आणि हसला की त्याचा पाय सैल पडायचा. मला वाटते तिला ते ठाऊक होते.

मग तो नियम आला.

परवाना कचेरीतून कळवले गेले की, ज्या ड्रायव्हिंग स्कूलला आपली वाहने उभी करायची अधिकृत जागा नाही, त्या स्कूलचा परवाना पुढे वाढवून मिळणार नाही. सूनबाईने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवले. मी बाहेर उभी होते, पण गाळ्याचे शटर वर असले की मला सगळे ऐकू यायचे.

मास्तर म्हणाले, "बरोबरच आहे की. गाडी घेतोस, मग ठेवणार कुठे, हे नको सांगायला?"

"मामंजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"नियमाच्या."

"मग नियमालाच सांगा आज स्वयंपाक करायला," सूनबाई म्हणाली आणि दोघेही हसले. तेव्हा हसू येत होते.

मास्तरांचे घर गाळ्याच्या वरच, जिना चढून दोन खोल्या. अंगण नाही, परस नाही. आजूबाजूला भाड्याने मिळेल अशी जागा नाही. जी होती तिथे गोदामे झाली होती, आणि गोदामवाले ड्रायव्हिंग स्कूलला दारात उभे करीत नाहीत. उरला तो समोरचा पट्टा. तो रस्ते खात्याचा. तेव्हा रस्ते खात्याकडे अर्ज करायचा की, आमची एक मोटार आणि एक स्कूटर या पट्ट्यावर उभी करू द्या, परवाना कचेरीला दाखवायला तसा कागद द्या. परवानगी मिळाली तर स्कूल चालेल, नाही तर शटर कायमचे खाली. त्या शटरवर दोन खोल्यांची चूल चालत होती. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी रोज सकाळी जिना उतरायचे मास्तरांचे कारणही तेच होते, हे सूनबाई जाणून होती. ती ते बोलून दाखवत नसे.

अर्ज गेला. मग खेटे सुरू झाले. साहेब बाहेर आहेत, साहेब बैठकीत आहेत, साहेब बदलून गेले, नवे साहेब अजून बसले नाहीत. सूनबाई शिकवणी आटपून जायची आणि तोंड पाडून परत यायची. मास्तर विचारायचे, "काय म्हणाले?" ती म्हणायची, "उद्या या म्हणाले." एवढे उद्या झाले की त्यात दोन शिकाऊ पास होऊन गेले. अखेर निरोप आला की जागा पाहायला तपासनीस येणार आहेत.

त्या दिवशी घरात उत्साहाला उधाण आले. सूनबाईने पट्टा झाडून घेतला. गवत काढले. मला आणि धाकटीला धुऊन पुसून शेजारी शेजारी उभे केले. "बघू दे त्यांना," ती म्हणाली, "किती नीट उभ्या असतात, रस्त्यात बोटभरसुद्धा येत नाहीत." मलाही तेच वाटत होते. उभे राहण्याच्या कामात माझा हात धरणारे कुणी नव्हते.

मास्तर जिना उतरून आले, आम्हा दोघींकडे बघितले आणि म्हणाले, "हे काय? या इथे काय करतायत?"

"उभ्या आहेत. रोज असतात तशा."

"सूनबाई, आपण परवानगी मागतोय. मिळालेली नाही. मागायच्या आधीच जागा बळकावून बसलो, तर तो माणूस काय म्हणेल? आपण लोकांना काय शिकवतो? जिथे मुभा नाही तिथे गाडी उभी करायची नाही."

"मामंजी, इतकी वर्षं उभी केलीच ना?"

"तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता विचारतायत. विचारल्यावर बरोबर उत्तर द्यायचं."

सूनबाई माझ्यात येऊन बसली. तिचे मन मानत नव्हते, हे तिच्या पायावरून मला कळत होते. तिने क्लच कधी नव्हे इतका जोरात दाबला. पण सासऱ्यांचा शब्द तिने मोडला नाही. आम्हा दोघींना तिने मागच्या गल्लीत नेऊन ठेवले. वाळूचे डबेही उचलले. पट्टा असा मोकळा झाला की जणू तिथे कधी कुणी फिरकलेच नव्हते.

गल्लीच्या तोंडातून मला पट्टा दिसत होता. तपासनीस आला आणि मी त्याला लगेच ओळखले. तो माझ्यावरच शिकला होता! त्याच्या तळहातांना इतका घाम सुटायचा की मास्तरांनी त्याच्यासाठी वेगळा रुमाल ठेवला होता. बरोबरचे शिकाऊ त्याला घामाघूम म्हणायचे. मला हायसे वाटले. म्हटले, आपलाच माणूस आहे, काम झालेच.

त्याने मास्तरांना वाकून नमस्कार केला. गुडघ्यांची विचारपूस केली. मग फीत काढून पट्टा मोजला, रस्त्यापासूनचे अंतर मोजले आणि इकडे तिकडे बघत म्हणाला, "मास्तर, गाड्या कुठायत?"

मास्तरांनी ताठ होऊन सांगितले, "हलवल्या. परवानगी नाही तोवर इथे उभ्या करणं योग्य नाही."

"मग सध्या कुठे उभ्या असतात?"

"मागच्या गल्लीत."

सूनबाई पुढे झाली. "आजच नेल्यात, साहेब. रोज इथेच असतात. गल्ली आमची नाहीये, तिथे लोक बोलतात."

घामाघूमने मान डोलावली, लिहिले, मास्तरांना परत नमस्कार केला आणि गेला. मास्तर खुशीत होते. "बघितलंस? माणूस नियमाने वागला की बोलायला जागाच राहत नाही," ते म्हणाले. सूनबाईने आम्हाला परत पट्ट्यावर आणले आणि डबे जागच्या जागी मांडले.

काही आठवड्यांनी नकार आला. त्यात म्हटले होते की, तपासणीच्या वेळी जागेवर वाहने आढळली नाहीत, सबब जागेची निकड दिसून येत नाही. शिवाय अर्जदाराच्या वाहनांना गल्लीत पर्यायी जागा उपलब्ध आहे.

त्याच दिवशी सूनबाई आणि मास्तर मला घेऊन रस्ते खात्याच्या कचेरीत गेले. कचेरीसमोर गाडी उभी करायला जागा नव्हती. मग मास्तर माझ्यात बसून राहिले, म्हणजे कुणी हटकले तर सांगायला कुणीतरी असेल, आणि सूनबाई एकटी वर गेली. मास्तर किती तरी वर्षांनी शेजारच्या सीटवर बसले होते. त्यांचा पाय ब्रेकवर होता. मी बंद होते, तरी त्यांनी तो दाबून धरला होता.

सूनबाई खाली आली, बसली आणि दार लावून घेतले.

"भेटला?" मास्तरांनी विचारले.

"भेटला. खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, आज गाड्या उभ्या करते, येऊन बघा. तर म्हणाला, आता उभ्या केल्यात तर ते अनधिकृत होईल, नकार दिलाय ना. मी म्हटलं, मग नसल्या तर निकड नाही आणि असल्या तर गुन्हा, आम्ही करायचं काय?"

"मग?"

"मग म्हणाला, ताई, मी जे दिसलं ते लिहिलं. गाडी चालवताना अंदाज करू नका, समोर दिसतं तेवढंच धरा, हे मास्तरांनीच शिकवलंय."

मास्तरांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितले. "शिकवलं ते बरोबरच होतं," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "माझ्यामुळे झालं हे."

सूनबाईने किल्ली फिरवली. ती रागावली नव्हती असे सांगितले तर ते खोटे होईल. ती फार रागावली होती. घरी येईपर्यंत तिने एकही गिअर नीट टाकला नाही, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती मास्तरांशी कामापुरतेच बोलत होती. जेवण वाढायची, औषध द्यायची, पण "मागच्या सीटला ब्रेक नाहीये" हे मात्र तिने पुन्हा कधी म्हटले नाही. मास्तरांनीही मागच्या सीटवर बसायचे सोडून दिले.

वरच्या साहेबांकडे दाद मागितली. त्यांनी खालच्या साहेबांचा शेरा पाहिला आणि कायम केला. दुसऱ्या कुणाला मध्ये घालून बघितले. ते म्हणाले की पट्ट्याचे सुशोभीकरण व्हायचे आहे, आता त्यावर काहीच देता येत नाही. तेवढ्यात परवान्याची मुदत संपली.

शेवटची शिकवणी एका मूर्तिकाराची होती. त्याचे अजून निम्मे शिकून व्हायचे होते. सूनबाईने त्याला दुसऱ्या स्कूलचा पत्ता दिला, भरलेले पैसे परत केले. तो जाताना म्हणाला, "मला इथलीच गाडी बरी वाटत होती, ती सांभाळून घेते." मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते शेवटचे कौतुक. दुसऱ्या दिवशी गाळ्यावरची पाटी उतरवली गेली. तिच्यामागे भिंतीचा रंग इतका ताजा निघाला की शेजारचे दुकानदार बघायला आले.

धाकटीला एका पाववाल्याने नेले. ती जाताना मागे वळून बघू शकली नाही, तिचे हँडल त्याच्या हातात होते. मला मात्र गिऱ्हाईक मिळेना. येणारा पुढे मागे फिरायचा, दोन ब्रेक बघायचा, बंपर बघायचा आणि म्हणायचा, "शिकाऊंची गाडी? नको, हिचा क्लच किती जणांनी खाल्ला असेल." त्यात त्यांचे काही चुकत नव्हते.

पट्ट्यावर माणसे आली. त्यांनी मुरूम उकरला, कडेने लोखंडी कठडा घातला आणि 'सार्वजनिक जागा' अशी पाटी लावली. कठड्याला दार ठेवायचे विसरले. त्यामुळे त्या सार्वजनिक जागेत आता कुणालाच जाता येत नाही. लावलेली रोपे पाण्यावाचून वाळली, कारण पाणी घालायला आत जायचे कुठून? सूनबाई ते बघून एकदा हसली. ते तिचे हसणे मला आवडले नाही.

मी गल्लीत. जिला कागदावर माझी पर्यायी जागा म्हटले होते, तीच ही. अरुंद, ओलसर, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या खिडकीखाली. त्या घरातल्या काकू वाईट नव्हत्या. पण माझ्यामुळे त्यांच्या खिडकीचा उजेड अडत होता, आणि माझ्याखाली उंदरांनी घर केले होते. त्या मास्तरांना सांगून थकल्या. "मास्तर, राग मानू नका, पण ही गाडी हलवा आता." मास्तर म्हणायचे, "हलवतो, ताई. हलवतो." कुठे, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. माझ्या चाकांतली हवा गेली. बॅटरी मेली. काचेवर धूळ इतकी बसली की पोरांनी बोटाने तिच्यावर चित्रे काढली. मास्तर अधूनमधून फडके घेऊन यायचे, समोरची काच तेवढी पुसायचे, शेजारच्या सीटवर बसायचे आणि उठताना माझ्या दाराला धरून उठायचे. सूनबाई आता दुसऱ्याची व्हॅन चालवायला जाते, शाळेच्या मुलांची ने-आण करते. तिचा पाय कुणाच्या तरी गाडीला मिळतो आहे, याचे मला बरे वाटते.

एके दिवशी माझ्या काचेवर पिवळा कागद चिकटवला गेला. 'बेवारस वाहन.' मला वाचता येते, भिंतीवरचे तक्ते वाचण्यात माझा जन्म गेला आहे. मी बेवारस नव्हते. माझा माणूस वरच्या खोलीत होता, त्याचे गुडघे दुखत होते म्हणून तो खाली आला नव्हता, इतकेच.

मग एका सकाळी क्रेन आली. गल्लीत शिरताना तिने दोन्ही भिंती खरडल्या. आवाज ऐकून मास्तर जिना उतरले, एकेका पायरीवर थांबत. सूनबाई कामावर निघण्याच्या बेतात होती, तीही मागून आली. क्रेनवाला मुकादम चांगला माणूस होता. त्याने पिवळ्या कागदाकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, ही गाडी तुमची का?"

मास्तरांनी उलट विचारले, "असली तर?"

"असली तर दंड भरायचा आणि आजच्या आज हलवायची."

"हलवून ठेवायची कुठे?"

"ते आम्हाला नका विचारू. आमचं काम उचलायचं." मुकादमाने आवाज खाली आणला. "आणि कुणाचीच नसली तर आम्ही नेतो, विषय संपला. नंबरावरून मालक हुडकत बसलो तर आमचा जन्म जाईल."

सूनबाईने तोंड उघडले. ती काय म्हणणार होती, मला ठाऊक नाही. कदाचित 'आमची आहे' म्हणाली असती, दंडाचे मागाहून बघितले असते. पण मास्तर तिच्याआधी बोलले.

"माझी नाही," ते म्हणाले.

ज्या माणसाने खरे वागायचे म्हणून सगळे घालवले, त्याच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले खोटे, आणि ते माझ्याबद्दल होते. मला वाईट वाटले. वाटणारच. पण राग आला नाही. दंड भरून मला परत याच गल्लीत ठेवायचे आणि परत दंड भरायचा, यातून सूनबाईला सोडवायचा दुसरा मार्ग त्यांना सुचला नसेल. सूनबाईने त्यांचा हात धरला. "मामंजी, वर चला," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मऊ होता. ते वर गेले नाहीत. साखळी माझ्या पुढच्या आसाला लावेपर्यंत, मी गल्लीतून बाहेर निघेपर्यंत ते तिथेच राहिले.

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाली की शेवटी ऐकणाऱ्यांकडे काहीतरी मागावे, असा आम्हा जुन्या वस्तूंचा रिवाज आहे. मला सोडवा, असे मी म्हणत नाही. आता माझ्यात सोडवण्यासारखे फार उरलेले नाही. मी एवढेच मागते, की तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन हातात फीत घेऊन तपासणीला गेलात आणि जागा रिकामी दिसली, तर ती कुणी रिकामी केली आणि कशासाठी, एवढे विचारा आणि मग लिहा. तुम्ही विचाराल याची मला फारशी आशा नाही. घामाघूमही वाईट नव्हता, त्याला मास्तरांच्या गुडघ्यांची काळजी होती. पण मागून ठेवते.

सध्या मी शहराबाहेर जप्त गाड्यांच्या आवारात आहे. इथे खूप गाड्या आहेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही. परवा तारेच्या कुंपणापलीकडे मला मास्तर दिसले. इतक्या लांब ते कसे आले असतील, कुणास ठाऊक. ते एकेका गाडीवरून नजर फिरवत होते. मला ओळखले तेव्हा त्यांनी कुंपणाची तार धरली. पहारेकरी त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "आजोबा, तुमची गाडी आहे का आत?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग इथे उभं राहू नका," पहारेकरी म्हणाला. "इथे उभं राहायला परवानगी नाही."

मास्तर लगेच बाजूला झाले.